पाच बासऱ्या, एक खोली

१५९९ साली लंडनमध्ये अँथनी होलबोर्न या संगीतकाराचा ६५ छोट्या रचनांचा संग्रह छापून आला. पाव्हान, गॅलियार्ड, आल्मेन हे त्या काळचे नाचाचे प्रकार, सगळे पाच भागांत बांधलेले. कोणत्या वाद्यावर वाजवायचं याची सक्ती नव्हती. व्हायोल, व्हायोलिन किंवा फुंकवाद्यं, काहीही चालेल असं शीर्षकातच म्हटलं होतं. पुस्तकही एक नव्हतं, पाच होती. ज्याचा जो भाग, त्याला तेवढीच वही. पाचही भाग एकाखाली एक मांडलेला कागद कुणाच्याच पुढ्यात नसे, आणि मात्रांचे गट दाखवणाऱ्या आजच्यासारख्या उभ्या रेघाही नसत. शेजारचा काय वाजवतोय, आपण त्याला कुठे भिडतो, कुठे त्याच्यापासून सुटतो, हे डोळ्यांना दिसायची सोयच नव्हती. ते कानांनी पकडावं लागे.

असं संगीत चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून वाजवायचं. श्रोते असलेच तर घरातले, आल्यागेल्यातले. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात सुखवस्तू घरांत ही नेहमीची गोष्ट होती. १६६८ च्या फेब्रुवारीत सॅम्युअल पेपिस हा लंडनचा नौदल अधिकारी ‘द व्हर्जिन मार्टर’ हे नाटक पाहायला गेला. देवदूत खाली उतरतो त्या प्रवेशाला फुंकवाद्यांचं संगीत होतं. त्याने तो इतका भारावला की एप्रिलमध्ये दुकानात जाऊन त्याने रेकॉर्डर ही बासरी विकत घेतली आणि घरी शिकायला सुरुवात केली. त्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे, म्हणून आपल्याला हे कळतं.

तेव्हा आज कुणी आपल्या घरातल्या खोलीत माइक लावून हे संगीत ध्वनिमुद्रित करायला बसला, तर स्टुडिओ परवडत नाही म्हणून तो नाइलाजाने घरी बसलाय असं मी मानत नाही. खोली हीच या संगीताची जागा आहे. मात्र एक गोष्ट मनात पक्की हवी. पाच आवाज हवेत एकमेकांत मिसळतात तेव्हा जे तयार होतं, ते हे संगीत. माइक कुठे ठेवायचा, कोण आधी वाजवणार, संगणकावर किती हात फिरवायचा, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या मिसळण्याकडे पाहूनच द्यायची.

आधी वाद्याची ओळख. (या प्रकरणात रेकॉर्डर म्हणजे वाद्यच, आवाज टिपण्याला मी ध्वनिमुद्रण म्हणेन.) रेकॉर्डर ही लाकडी बासरी, आपल्या अलगुजासारखी उभी धरायची. तोंडाशी लाकडाचा ठोकळा बसवलेला असतो आणि त्याच्यावरून एक अरुंद फट जाते. फुंक त्या फटीतून येऊन समोरच्या खिडकीच्या धारेवर आपटते आणि सूर उमटतो. पुढे सात छिद्रं, मागे अंगठ्याचं एक. ओठांनी काही करायचं नसतं, त्यामुळे पहिला आवाज कुणालाही काढता येतो. शाळकरी वाद्य म्हणून त्याची जी हेटाळणी होते, तिचं मूळ या सोपेपणात आहे. पुढचं सगळं अवघड आहे.

त्याचं कुटुंब मोठं आहे. सोप्रानोचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला ५२३ कंपनांचा, आल्टोचा ३४९, टेनरचा २६२, बासचा १७५. त्याखाली ग्रेट बास आणि कॉन्ट्राबास, माणसाच्या उंचीला टेकणारे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या मृत्यूनंतर १५४७ मध्ये त्याच्या मालमत्तेची यादी झाली, तिच्यात ७६ रेकॉर्डर होते. त्याआधीच व्हेनिसहून आलेल्या बासानो कुटुंबातले वादक-कारागीर त्याच्या दरबारी रुजू झाले होते, आणि रेकॉर्डरचा हा दरबारी ताफा १६३० पर्यंत टिकला. मायकेल प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराने १६१९ च्या आपल्या ग्रंथात रेकॉर्डरचे आठ आकार नोंदवले आहेत. वेगवेगळ्या आकारांचे असे संच एकाच कारागिराकडून, एकमेकांशी जुळवून घेतले जात आणि एका पेटीत राहत. आजही वेगवेगळ्या घरांतून गोळा केलेली पाच चांगली वाद्यं एकत्र आणली तर ती सहज जुळत नाहीत. घरी मुद्रण करायचं ठरलं की वाद्यं शक्य तितकी एकाच घडणीची असावीत, मग ती प्लास्टिकची का असेनात. यामाहा किंवा आउलोस यांचे प्लास्टिकचे आल्टो आणि सोप्रानो चांगले सुरेल असतात आणि त्यांना कमी लेखायचं कारण नाही.

रेनेसाँस काळातला रेकॉर्डर आतून रुंद आणि जवळजवळ सरळ पोकळीचा, लहान आकारांत एकाच लाकडातून कोरलेला. खालचे सूर भरदार, आवाका दीड सप्तकाहून थोडा जास्त. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये त्याची घडण बदलली: तीन तुकडे, खाली निमुळती होत जाणारी पोकळी, दोन सप्तकांवरचा आवाका, उजळ आणि धारदार आवाज. हा बरोक रेकॉर्डर. तो एकट्याने गायला जन्मला आणि पहिला घोळक्यात गायला, एवढं ढोबळमानाने म्हणता येईल. दुकानात मिळणारे बहुतेक आधुनिक रेकॉर्डर बरोक घडणीचे असतात. त्यांच्यावर होलबोर्न वाजवता येतो, पण वरचे आवाज जरा पुढे येतात आणि मुद्रणात त्याची काळजी घ्यावी लागते.

आता खरी अडचण. रेकॉर्डरवर जोरात फुंकलं की सूर चढतो, हळू फुंकलं की उतरतो. आवाज लहान-मोठा करायची बासरीवाल्याची नेहमीची वाट इथे बंद आहे. पाच जणांपैकी एकाची फुंक किंचित वाढली की सगळा मेळ कणसूर होतो. आणि रेकॉर्डरचा आवाज इतका साधा, वरच्या उपस्वरांनी इतका कमी झाकलेला असतो की कणसूरपणा लपायला जागाच मिळत नाही. व्हायोलिनच्या जथ्यात जे खपून जातं ते इथे नागडं दिसतं.

हे जवळून पाहण्यासारखं आहे. एकाने सोप्रानोवर ५२३ कंपनांचा सा धरला आणि दुसऱ्याने त्यावरचा ग. शुद्ध प्रमाणात, म्हणजे पाचास चार या नात्याने, तो ग ६५४ वर येतो. दोन्ही सूर स्थिर असले आणि पुरेशा जवळून ऐकले, तर कानात तिसराच एक खालचा सूर गुणगुणू लागतो. तो दोहोंतल्या फरकाचा सूर: १३१ कंपनांचा, बरोबर दोन सप्तकं खालचा सा. कुणीही तो वाजवलेला नसतो. व्हायोलिनवादक तार्तिनीने अठराव्या शतकात या तिसऱ्या सुराची चर्चा केली आणि आजचे रेकॉर्डरवादक सूर जुळवायला त्याचाच आधार घेतात. आता दुसऱ्याने मोबाइलवरचा ट्यूनर पाहून ग लावला तर तो ६५९ वर येईल, कारण ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो. फरक होतो १३६. वरच्या सुरांत चूक अवघी १४ सेंटची (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), पण खालचा तो अदृश्य सा तब्बल ६७ सेंटने चढलेला निघतो. अर्धस्वराच्या दोन तृतीयांश! खोलीत बसलेल्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी कानात कुरकुरत राहतं.

तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा गंधार ज्याने मन लावून ऐकला आहे, त्याला या शुद्ध ग ची ओळख करून द्यावी लागत नाही, तो हाच. रेनेसाँस काळातली मीनटोन जुळणी याच गंधारासाठी पंचमाला पाचेक सेंट खाली ओढत असे. म्हणून माझा आग्रह असा की ट्यूनर एका सुरापुरता वापरावा, आरंभीचा सूर ठरवायला, आणि मग मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. बासने सूर धरायचा, त्यावर सप्तक, मग पंचम, आणि शेवटी ज्याच्या वाट्याला गंधार आलाय त्याने फुंक किंचित नरम करून किंवा खालच्या एखाद्या छिद्रावर बोटाची सावली धरून आपला सूर त्या घरात बसवायचा. ध्वनिमुद्रणानंतर सूर ‘दुरुस्त’ करणारं सॉफ्टवेअर वापरायचा मोह होतो. ते सॉफ्टवेअरही, वेगळं सांगितलं नाही तर, बारा समान भागांकडेच ओढतं आणि जमलेला मेळ विस्कटून ठेवतं.

या तिसऱ्या सुरात ध्वनिमुद्रण करणाऱ्यासाठी एक धडा दडलेला आहे. तो सूर माइकमध्ये शिरत नाही. ऐकणाऱ्याच्या अंतर्कर्णात तयार होतो, आणि त्यासाठी दोन्ही मूळ सूर एकाच कानात पोचावे लागतात. संगणकावर मिश्रण करताना सोप्रानो पूर्ण डाव्या बाजूला आणि आल्टो पूर्ण उजव्या बाजूला ढकलला, तर हेडफोनवर ऐकणाऱ्याच्या एका कानात एकच वाद्य जातं. तिसरा सूर नाहीसा होतो आणि मेळ पोकळ वाटतो. प्रत्येक वाद्य ‘स्वच्छ, वेगळं’ ऐकू यावं ही आजच्या ध्वनिमुद्रणाची सवय आहे. या संगीताला ती मानवत नाही.

सुरावर परिणाम करणारी दुसरी गोष्ट हवा. हवा तापली की तिच्यातून ध्वनी जलद जातो आणि सूर चढतो. हिशोबाने दर अंश सेल्सिअसला सुमारे ३ सेंट. पहाटे २० अंशांवर बासचा भाग मुद्रित केला आणि दुपारी ३२ अंशांवर सोप्रानो, तर दोहोंत ३६ सेंटचं अंतर पडू शकतं. फुंकेच्या उबेने वाद्यातली हवा थोडी सावरते, तरी उरलेलं अंतर ऐकू येण्याइतकं असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही गंभीर बाब आहे. भिंतीवर साधा तापमापक लावा आणि सगळे भाग एकाच वेळेला, एकाच तापमानाला करा. रात्र सर्वांत बरी, रस्ताही तेव्हाच थंडावतो. पंखा आणि एसी दोन्ही बंद ठेवावे लागतात, त्यामुळे मार्च ते जून हे काम मनस्ताप देतं. थंडीचे दिवस निवडा. पावसाळ्यात दमट हवेने ठोकळा फुगतो, फट अरुंद होते आणि सूर गुदमरतो.

थंड वाद्यात गरम फुंक गेली की फटीत पाण्याचे थेंब जमतात आणि आवाज घोगरा होतो. म्हणून वाजवण्याआधी वाद्याचं डोकं काखेत किंवा मुठीत धरून अंगाच्या उबेला आणायचं. मुद्रण चालू असताना थेंब अडकलाच तर फटीतली हवा उलटी ओढून घ्यायची. नव्या लाकडी वाद्याला सलग तासभर वाजवू नये. सुरुवातीचे काही आठवडे दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मोठं मुद्रण ठरलं असेल तर त्याआधी महिनाभर वाद्य रुळवायला हवं.

खोलीबद्दल एक दिलासा आहे. लहान खोल्यांत ध्वनिमुद्रणाचा मोठा शत्रू म्हणजे भिंतींमध्ये अडकून घुमणारे खर्जाचे आवाज. ४ मीटर लांबीच्या खोलीत पहिली अशी घुमणी ४३ कंपनांच्या आसपास येते. ड्रम आणि बास गिटारवाल्यांची त्याने झोप उडते. आपला बास रेकॉर्डर १७५ च्या खाली उतरतच नाही. त्यामुळे मिश्रण करताना १२० च्या खालचं सगळं फिल्टरने कापता येतं आणि त्याबरोबर रस्त्याची घरघर, पाण्याच्या पंपाचा घुमारा, विजेच्या उपकरणांची ५० कंपनांची गुणगुण बरीचशी जाते. ग्रेट बास असेल तर मात्र कात्री ९० च्या आसपास ठेवा, त्याचा खालचा सूर १३१ चा असतो.

खरा त्रास वरच्या बाजूला आहे. फरशी, गिलावा आणि काच यांच्यावरून सोप्रानोचे सूर करकरीत परततात. खोलीच्या मधोमध एक टाळी वाजवून पाहा. मागोमाग झर्रकन एक फडफड ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती एकमेकींकडे आवाज फेकताहेत. एका भिंतीशी पुस्तकांचं कपाट, जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, एवढ्याने बरंच भागतं. सगळीकडे गाद्या आणि रजया टांगून खोली मुकी करू नका. आपला आवाज परत येत नाही असं वाटलं की वाजवणारा नकळत जोरात फुंकतो, आणि जोरात फुंकलं की काय होतं ते आपण पाहिलंच. खोलीने थोडं उत्तर द्यायला हवं.

पाच जण एकत्र जमत असतील तर सगळं काम सोपं होतं. दोन सारखे कंडेन्सर माइक घ्या, त्यांची तोंडं १७ सेंटिमीटर अंतरावर आणि एकमेकांशी ११० अंशांचा कोन करून बसवा. ही मांडणी फ्रेंच नभोवाणीत रूढ झाली आणि दोन कानांच्या अंतराशी तिचं नातं आहे. वादक अर्धवर्तुळात, माइक त्यांच्यापासून दीड-दोन मीटरवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या थोडं वर. रेकॉर्डरच्या खिडकीसमोर जवळ माइक धरला तर फुंकेचा फुसफुसाट आणि जिभेचे ठोके टिपले जातात, सूर मागे राहतो. वाद्याचा आवाज खिडकीतून आणि उघड्या छिद्रांतून, दोन्हीकडून निघतो. तो एकत्र व्हायला थोडी हवा मधे लागते.

कोणाचा आवाज किती हवा हे बटणांनी ठरवण्यापेक्षा खुर्च्या हलवून ठरवा. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि सोप्रानोच्या वरच्या सुरांचा बराच जोर तिथे पडतो. बास बिचारा कितीही दम लावला तरी मऊच बोलतो. म्हणून बासवाल्याची खुर्ची पुढे, माइकच्या जवळ, सोप्रानोवाला मागे. थोडं वाजवायचं, थांबायचं, ऐकायचं, कुणीतरी हातभर सरकायचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण या अर्ध्या तासात जे साधतं ते नंतर संगणकावर रात्रभर बसून साधत नाही. आवाजाची पातळी सावध ठेवा: २४ बिटमध्ये मुद्रण करत असाल तर सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी पुष्कळ. यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेलेला आवाज फाटला की त्यातून जे भलते सूर तयार होतात ते कायमचे फायलीत बसतात.

बहुतेकांच्या वाट्याला मात्र पाच माणसं येत नाहीत. रेकॉर्डर वाजवणारा एकटा असतो आणि पाचही भाग त्यालाच एकावर एक चढवायचे असतात. हे जमतं. मात्र शेजाऱ्याशी जुळवून घेण्याची सोय इथे एकाच दिशेने आहे: आधी मुद्रित झालेला भाग तुमच्याकडे बघून सुधारणार नाही. म्हणून क्रमाला महत्त्व. पहिला बास, कारण सगळे सूर त्याच्यावर उभे राहतात. मग सोप्रानो, म्हणजे बाहेरची चौकट तयार होते. मग दोन टेनर, आणि आल्टो शेवटी. आतल्या भागांकडे गंधार वारंवार येतो आणि गंधाराने बाकीच्यांचं ऐकून बसायचं असतं. हेडफोनचा आवाज लहान ठेवा आणि एक कान उघडा. दोन्ही कान झाकले की स्वतःचा सूर चढलाय की उतरलाय हे कळेनासं होतं. शिवाय हेडफोनमधून गळणारा जुना भाग माइक पुन्हा टिपतो.

एकट्याने करताना माइकची जोडी एकाच जागी ठेवावी आणि आपण प्रत्येक भागाला वेगळ्या खुर्चीत बसावं, जणू बाकीचे चौघे शेजारी आहेत. बास मधे पुढे, सोप्रानो डावीकडे मागे, आल्टो उजवीकडे, दोन्ही टेनर त्यांच्या मधे. मग पाच ट्रॅक नुसते एकत्र वाजवले तरी खोलीच त्यांची जागा सांगते, संगणकावर त्यांना डावीकडे-उजवीकडे ओढावं लागत नाही. यात एक किंमत मोजावी लागते. पाच ट्रॅकमध्ये खोलीची शांतताही पाच वेळा मुद्रित होते आणि तिची बेरीज होऊन पार्श्वभूमीचा आवाज ७ डेसिबलने वाढतो. एरवी कानावर न येणारी फ्रिजची गुरगुर पाचव्या थरावर स्पष्ट ऐकू येते. फ्रिज बंद करा (आणि नंतर चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यात ठेवा). घड्याळ बाहेर न्या.

लय कशी धरायची? संगणकाची टकटक लावणं सोपं आहे आणि नाचाच्या सरळ चालींना ती फारशी मारकही नाही. पण त्या काळी लय हाताच्या खाली-वर होण्याने मोजत. इटालियन सिद्धांतकार गाफुरियस याने १४९६ मध्ये शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीशी ही गती जोडली होती. टकटकीऐवजी एक मार्गदर्शक ट्रॅक तयार करावा: आपणच भाग गुणगुणत, मांडीवर हलका ठेका धरत, प्रत्येक वाक्याआधी ऐकू येईल असा श्वास घेत. नंतरचे पाचही भाग त्या श्वासावर सुरू होतात आणि शेवटी तो ट्रॅक काढून टाकला तरी श्वास सगळ्यांच्या अंगात मुरलेला राहतो.

हे विशेष जाणवतं ते होलबोर्नच्या ‘द फेअरी राउंड’मध्ये. हा गॅलियार्ड तिनाच्या पटीत चालतो, पण ही तीन कुठे धरायची याबद्दल पाचही आवाज सारखे भांडत असतात. सहा मात्रा कधी तीन-तीन अशा पडतात, कधी दोन-दोन-दोन, आणि वेगवेगळ्या आवाजांत वेगवेगळ्या वेळी. टकटकीवर वाजवलं की प्रत्येक ठोक्यावर वजन पडतं आणि ही चकमक सपाट होते. एकेकट्या भागाला आपापल्या वाक्याप्रमाणे वजन द्यायला हवं, वह्यांत रेघा नव्हत्या तेव्हा वादक जसं देत असतील तसं.

ही रचना फक्त सव्वा मिनिटाची आहे, आणि तिचं डेव्हिड मनरो व त्याच्या ‘अर्ली म्युझिक कॉन्सॉर्ट ऑफ लंडन’ने केलेलं मुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेलं. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. सुरुवात करणाऱ्याला मी हीच रचना सुचवतो. ती छोटी आहे, तिची खंडं पुन्हा वाजवायची असतात म्हणून प्रत्येक खंडाच्या दोन आवृत्त्या हाताशी येतात, आणि मनरोचं मुद्रण ऐकून स्वतःचं काम तपासता येतं. मूळ स्वरलिपी इंटरनेटवरच्या सार्वजनिक संगीत-ग्रंथालयांत मोफत मिळते.

जिभेच्या ठोक्यांबद्दल थोडं. सिल्व्हेस्त्रो गानास्सी या व्हेनिसच्या वादकाने १५३५ मध्ये ‘फोन्तेगारा’ हे रेकॉर्डरवरचं पुस्तक छापलं. केवळ या वाद्याला वाहिलेलं हे पहिलं छापील पुस्तक. वाद्याने माणसाच्या गळ्याची नक्कल करावी हा त्याचा सिद्धांत आणि त्यासाठी त्याने जिभेचे बोल दिले: ते-के, ते-रे, ले-रे. पहिला कडक, दुसरा मध्यम, तिसरा मऊ. एकट्याने पाच भाग चढवताना हे बोल आधी ठरवून वहीत लिहून ठेवावे लागतात. एका ट्रॅकवर ‘ते’ आणि दुसऱ्यावर त्याच क्षणी ‘ले’ आला तर दोघे एकत्र सुरू झाले असूनही मागेपुढे वाटतात. सुरांचे शेवटही तितकेच नाजूक. फुंक सोडताना सूर खाली घसरतो, म्हणून तो जिभेने बंद करायचा, आणि पाचही जागी सारख्या क्षणी.

बरोक रचनांत काही गोष्टी बदलतात. इंग्लिश संगीतकार पर्सेलची ‘थ्री पार्ट्स अपॉन अ ग्राउंड’ घ्या: खाली बासची एकच ओळ पुन्हा पुन्हा फिरते आणि वर तीन सारखे आवाज एकमेकांचा पाठलाग करतात. ती व्हायोलिनवर वाजते तशी तीन आल्टो रेकॉर्डरवरही. इथे कोण कुणाच्या मागे आहे हे कळायला हवं, म्हणून तीन खुर्च्या जरा लांब ठेवाव्यात. फिरत्या ओळीला चेलो आणि हार्पसिकॉर्ड हवेत. घरी हार्पसिकॉर्ड कुठला, तेव्हा संगणकावरचा चालेल, पण त्याची जुळणी बारा समान भागांऐवजी जुन्या पद्धतीची निवडा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. पट्टीही जपा. बरोक संगीतासाठी आज ४१५ कंपनांचा ला सर्रास वापरतात, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा अर्धस्वर खाली. रेनेसाँसचे काही संच उलट ४६६ वर, अर्धस्वर वर असतात. तीन पट्ट्यांची वाद्यं एका कपाटात असलेली माणसं मला माहीत आहेत आणि चुकीचं वाद्य हाती येण्याचा धोका खरा आहे.

संपादनात कात्री वापरायची तर वाक्याच्या आधीच्या श्वासापाशी वापरा, आणि श्वास ठेवा. श्वास पुसून टाकले की पाच माणसं एकाएकी यंत्रं होतात. सत्र संपल्यावर रिकाम्या खोलीची अर्धा मिनिट शांतता मुद्रित करून ठेवावी. दोन तुकड्यांमधल्या फटी बुजवायला तीच लागते, डिजिटल पोकळी तिथे भोकासारखी जाणवते. घुमारा घालताना चर्चचा पाच सेकंदांचा घुमारा टाळा. मोठ्या चर्चमधली रेकॉर्डरची मुद्रणं मोहक असतात, पण गॅलियार्डची पावलं त्यात बुडतात. लाकडी तक्तपोशीच्या मध्यम दालनाचा, सेकंदभराचा घुमारा निवडा, आणि तो पाचही ट्रॅकवर एकाच मात्रेत, एकाच वेळी द्या, म्हणजे सगळे एकाच छताखाली आल्यासारखे वाटतील.

शेवटची फाइल तयार करताना आवाज दाबून सपाट करणारं कॉम्प्रेशन वापरू नका. रेकॉर्डरच्या मेळात लहान-मोठेपणा आधीच थोडा असतो. पाच आवाजांऐवजी दोनच उरले की तो हलका होतो, सगळे परतले की भरतो. त्यासाठीच संगीतकाराने आवाज कमी-जास्त केलेले असतात. मूळ फायली २४ बिटमध्येच, न दाबता जपून ठेवा आणि सोबत एका कागदावर लिहा: कोणती वाद्यं, ला किती कंपनांचा, जुळणी कोणती, खोलीचं तापमान किती, खुर्च्या कुठे होत्या. सहा महिन्यांनी एखादा टेनर पुन्हा मुद्रित करावासा वाटला, तर हा कागद नसताना ते काम सुरूच करता येत नाही.